जमीन सोडून बोला

थंडी, गॅसचं बिल आणि गुडघा या तिघांची युती झाली की युरोपातला पेन्शनर नकाशा उघडून बसतो. नोव्हेंबरात दुपारी चारलाच अंधार पडलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी थायलंडमधल्या हुआ हिनहून एखाद्या जुन्या सहकाऱ्याचा फोटो येतो. फोटोत शहाळं असतं, शहाळ्यात नळी असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, गेल्या वर्षापर्यंत आपल्याच बसथांब्यावर कुडकुडणारा तो सहकारी असतो. उघडाबंब. सत्तरीच्या माणसाला उघडं होऊन फोटो काढावासा वाटतो असा देश एकदा पाहिलाच पाहिजे, असं म्हणून हा विमानात बसतो आणि परतीचं तिकीट वाया घालवतो.

हुआ हिन हे बँकॉकच्या नैऋत्येला, समुद्रकाठचं गाव. थाई राजघराण्याची हवा खायची जागा. राजा प्रजाधिपोक यांनी तिथे ऐन किनाऱ्यावर वाडा बांधला. २४ जून १९३२ रोजी महाराज त्याच वाड्यात मुक्कामाला असताना तिकडे बँकॉकमध्ये सत्तापालट झाला आणि शतकानुशतकांची अनियंत्रित राजेशाही एका सकाळीत आटोपली. त्या वेळी महाराज गोल्फ खेळत होते असं सांगतात. हुआ हिनला निवांतपणासाठी गेलेल्या माणसाला, मागे आपलं काय शिल्लक उरलंय हे उशिरा कळतं, ही प्रथा तेव्हापासूनची असावी. गोल्फही तसाच चालू आहे.

लेक बँकॉकला नोकरी करते, त्यामुळे या पेन्शनर मंडळींना जवळून न्याहाळण्याची संधी मला मिळाली. आपल्याकडचे पेन्शनर बागेतल्या बाकावर साखर, सून आणि राजकारण या क्रमानं बोलतात. तिथले व्हिसा, घर आणि बाटचा भाव या क्रमानं बोलतात. सून नऊ हजार किलोमीटरवर असल्यामुळे तो विषय निकालात निघालेला असतो. इंग्रजांना एक जास्तीचं दुःख आहे. ब्रिटिश सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहणाऱ्याला दरवर्षी वाढवून मिळत नाही. ज्या आकड्यावर माणूस इथे आला त्याच आकड्यावर ते गोठतं. म्हणजे थंडीतून माणूस सुटला आणि गोठायचं काम पेन्शननं अंगावर घेतलं.

घर बघण्याआधी देशानं आपल्याला बघायचं असतं. थायलंडच्या निवृत्ती व्हिसाला वय पन्नास पुरतं. पन्नाशीला आपल्याकडे माणूस बढतीच्या यादीत नाव शोधत असतो, पण ते असो. आठ लाख बाट, म्हणजे वीस लाख रुपयांहून जास्त, खात्यात दाखवायचे किंवा महिना पासष्ट हजार बाटचं उत्पन्न दाखवायचं. तिथे राहून दरवर्षी मुदतवाढ घ्यायची तर ते आठ लाख अर्जाच्या दोन महिने आधीपासून नंतरच्या तीन महिन्यांपर्यंत थाई बँकेत जागचे हलता कामा नयेत, आणि पुढेही निम्म्याच्या खाली जाता कामा नयेत. थोडक्यात, माणूस समुद्रावर फिरतो आणि पैसा घरी बसतो. काही प्रकारच्या व्हिसाला डॉक्टरचा दाखलाही लागतो. त्यात अर्जदाराला महारोग, क्षय, हत्तीरोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला उपदंश नाही, असं लिहून आणायचं असतं. आयुष्यभर हिशेबतपासनीस म्हणून खाली मान घालून जगलेल्या एका डॅनिश गृहस्थांनी ही यादी वाचली आणि ते बराच वेळ गप्प होते. पहिल्या दोन टप्प्यांबद्दल सरकारचं काही म्हणणं नाही, हे त्यांना विशेष वाटलं.

आपल्याकडे पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तिथे हयातीबद्दल कुणी विचारत नाही, पत्त्याबद्दल विचारतात. दर नव्वद दिवसांनी ‘मी अजून याच घरी राहतो’ असं परदेशी माणसानं सरकारला कळवायचं. शिवाय घरमालकानंही भाडेकरू आल्यापासून चोवीस तासांच्या आत कळवायचं. एवढ्या कळवाकळवीनंतर त्या घराबद्दल मायेचा ओलावा उत्पन्न होतो आणि हे घर आपलं असावं, असं वाटू लागतं. इथून खरी गंमत सुरू होते.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. एक वाट आहे. सरकार सांगेल तिथे चार कोटी बाट गुंतवले, तर राहण्यापुरती एक राय जमीन घ्यायची परवानगी मागता येते. एक राय म्हणजे सोळाशे चौरस मीटर, आपले जवळजवळ सोळा गुंठे. चार कोटी बाट म्हणजे दहा कोटी रुपयांच्या पुढची रक्कम, आणि जमिनीची किंमत वेगळी. एवढे पैसे असलेला माणूस सहसा नोव्हेंबरात गॅसच्या बिलाकडे बघत बसलेला नसतो. बाकीच्यांना थाई कायदा हसतमुखानं, हात जोडून सांगतो की जमीन सोडून बोला.

जमीन नाही तर नाही, हवेत घर घेऊ, असं म्हणून मंडळी फ्लॅटकडे वळतात. कायद्यानं ही सोय केलेली आहे. इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटांच्या मिळून क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतं. पैसे मात्र परदेशातून परकीय चलनात आलेले असले पाहिजेत आणि तसा बँकेचा कागद हवा. ४९ हा आकडा ज्यानं शोधला त्याला माणसाचा स्वभाव कळलेला होता. सोसायटीच्या सभेत मतं मालकीच्या प्रमाणात मोजतात, त्यामुळे सगळे परदेशी एक झाले तरी हरणार, हे कायद्यानंच ठरवून ठेवलं आहे. अर्थात ते एक होतच नाहीत. एका सभेत मी कोपऱ्यात बसून होतो. जर्मन गृहस्थांचं म्हणणं होतं की जलतरण तलावाचे नियम फलकावर लिहिलेले आहेत ते पाळले जावेत. ऑस्ट्रेलियन गृहस्थांचं म्हणणं होतं की फलकच काढून टाकावा. एक इंग्रज बाई पार्किंगबद्दल बोलत होत्या आणि पार्किंग हा त्या दिवशीचा विषयच नव्हता. थाई मालक अधूनमधून स्मित करत होते. शेवटी चहा झाला. मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

हे फ्लॅट असतात केवढे? निवृत्तांना परवडणारा म्हणजे साधारण तीस चौरस मीटर, सव्वातीनशे चौरस फूट. गिरगावात याला डबलरूम म्हणत आणि तिच्यात पाहुण्यांसकट आठ माणसं गुण्यागोविंदानं भांडत. पण इंग्लंडातलं चार खोल्यांचं, मागे बाग आणि बागेत अवजारांची खोली असलेलं घर विकून आलेल्या जोडप्याचं काय होत असेल, विचार करा. त्या अवजारांच्या खोलीवर त्यांचं लग्न चाळीस वर्षं टिकलेलं होतं. यजमान रुसले की तिथे जाऊन खिळे मोजत बसायचे. आता रुसायचं तर बाल्कनी, आणि बाल्कनीत एसीचं धूड गरम हवा फेकत बसलेलं असतं. त्यामुळे कुठल्याही समुद्रकाठच्या थाई गावात भर दुपारी एखादे गोरे आजोबा विनाकारण मॉलमध्ये फिरताना दिसले, तर ते खरेदीला आलेले नाहीत हे ओळखावं.

स्वयंपाकघर म्हणजे भिंतीला चिकटलेली एक विजेची शेगडी. थाई माणूस मिरची-लसणाचा खकाणा घराबाहेर, मागच्या पडवीत उडवतो किंवा सरळ रस्त्यावरच्या गाडीवर जेवून येतो. त्यामुळे फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर हे बहुतांशी शोभेचं. तिथे एखादी मराठी बाई मोहरी तडतडवू लागली तर सगळा मजला दारात येऊन उभा राहील. उलट संडासातल्या हाताच्या फवाऱ्यावर युरोपीय मंडळी अशी काही खूष होतात की बोलायची सोय नाही. काहींनी तो मायदेशी मुलांच्या घरी बसवून दिला. आपल्या पूर्वजांनी जे लोट्यानं साधलं त्याचं एवढं कौतुक ऐकताना मला उगीचच राष्ट्राभिमान वाटला.

समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटला जास्त पैसे पडतात. तो समुद्र किती वर्षं दिसेल हे मात्र करारात नसतं. समोर रिकामा प्लॉट असेल तर त्यावर एक दिवस क्रेन येते, आणि आपण समुद्राचे पैसे भरून दुसऱ्याच्या वाळत घातलेल्या पंच्याकडे बघत उरलेलं आयुष्य काढतो. पटायाच्या बाली हाय धक्क्याजवळ एक टोलेजंग इमारत वर्षानुवर्षं अर्धवट उभी राहिली, डोंगरावरून दिसणारा देखावा ती अडवते अशी गावाची ओरड झाल्यावर. एवढा न्याय सगळ्यांच्याच खिडकीला मिळत नाही. उंच मजल्याचंही तसंच. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला आणि बँकॉक हललं. गच्चीवरच्या तलावांचं पाणी मजल्यांवरून खाली कोसळताना सगळ्या जगानं पाहिलं. बांधकाम चालू असलेली एक सरकारी इमारत तर कोसळलीच आणि माणसं गेली. त्या दिवशी तिसाव्या मजल्यावरून जिना उतरलेल्या पंच्याहत्तरीच्या माणसाला आता देखाव्याबद्दल विचारलं, तर तो तळमजल्याच्या गुणांवर बोलतो.

ज्यांना पायाखाली माती हवीच असते, ते बंगला भाडेपट्ट्यानं घेतात. जमीन तीस वर्षांच्या पट्ट्यावर, वरचं बांधकाम स्वतःच्या नावावर. पट्ट्याची मुदत एका वेळी तीस वर्षांहून जास्त असू शकत नाही. पण दलाल तीस अधिक तीस अधिक तीस असा पाढा म्हणून दाखवतो. पुढच्या दोन तिशा म्हणजे नुसतं आश्वासन. त्या वेळचा जमीनमालक काय म्हणेल ते त्या वेळी. पासष्टीतल्या माणसाला एकशे पंचावन्नाव्या वर्षापर्यंतची सोय विकणारा हा दलाल मला फार थोर वाटला. त्यात थाई कागदांवर बौद्ध सन असतं, आपल्यापेक्षा ५४३ वर्षं पुढे. २०२५ साली केलेल्या करारावर २५६८ हा आकडा बघून एका स्वीडिश आजींचा चेहरा खुलला होता. एवढ्या लांबची तारीख म्हणजे मुदत भरपूर आहे, असा त्यांचा समज झाला. तो मोडायची कुणाला घाई नव्हती, दलालाला तर मुळीच नव्हती.

बंगल्याच्या आवारात, खांबावर, एक छोटं देवळासारखं घर असतं. जमिनीच्या रक्षकदेवतेचं. ते मोठ्या घराच्या सावलीत येऊ नये असा संकेत आहे. रोज फुलं, उदबत्ती, आणि बऱ्याच ठिकाणी नळी घातलेली लाल फँटाची बाटली. कोकणातल्या माणसाला यात नवल नाही. त्याच्याही मळ्याला राखणदार असतो आणि राखणदाराच्या आवडीनिवडी सांभाळाव्या लागतात, त्या फँटावर भागत नाहीत एवढंच. पण परदेशी भाडेकरूच्या जागी उभं राहून बघा. ज्यानं बंगल्याला सगळी पुंजी घातली तो तीस वर्षांचा पाहुणा, आणि खांबावरचे महाशय कायमचे मालक. त्यांना व्हिसा नाही, नव्वद दिवसांची वर्दी नाही, आठ लाख बाट नाहीत, शिवाय थंड पेय घरपोच.

तिसरी तऱ्हा म्हणजे लग्न. ईशान्येकडच्या उदोन थानी, खोन केन या भागात भाताच्या खाचरांमध्ये अचानक एखादा दुमजली, खांबांचा, रंगीत कौलांचा बंगला दिसतो. तो तिथल्या परदेशी जावयानं बांधलेला असतो. जमीन बायकोच्या नावावर. ती घेताना जमीन-कचेरीत नवऱ्यालाही सही करावी लागते, की हे पैसे बायकोचे स्वतःचे आहेत, माझा यात काही संबंध नाही. पैसे याचे, सही याची, आणि मजकूर असा की पैसे हिचे. आपल्याकडे घरजावई सासऱ्यानं बांधलेल्या घरात राहतो. स्वखर्चानं घर बांधून त्यात घरजावई होण्याची सोय मी फक्त इथेच पाहिली. हयातभर राहण्याचा हक्क जमिनीच्या कागदावर नोंदवून घेता येतो, हे खरं. पण नवरा-बायकोनं आपसात केलेला करार दोघांपैकी कुणालाही लग्न टिकेपर्यंत केव्हाही मोडता येतो, असंही थाई कायद्यात आहे. आपल्याकडेही हेच चालतं, फक्त कायद्यात लिहून ठेवलेलं नाही.

यातले बरेच संसार मात्र छान चाललेले असतात, हेही सांगितलं पाहिजे. सासू जावयाला भाषा कळत नाही म्हणून त्याच्या तोंडावर खुशाल बोलते, जावयाला भाषा कळत नाही म्हणून तो खुशाल हसतो. संध्याकाळी सगळे ओट्यावर बसून चिकट भात खातात. दशमग्रह म्हणून बदनाम असलेल्या या जातीचा एवढा निरुपद्रवी नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

काहीजण थाई भागीदार दाखवून कंपनी काढतात आणि कंपनीच्या नावावर जमीन घेतात. भागीदार नुसते नावाचे असतील तर तो गुन्हा आहे, आणि सरकार हल्ली अशा कंपन्या शोधत असतं. म्हातारपणी ज्याला फरार व्हायची हौस असेल त्यानं हा मार्ग धरावा.

डोंगर हवा असणारे उत्तरेला चिआंग माईला जातात. थंड हवा, जुनी देवळं, उत्तम कॉफी. ब्रोशरात कॅलेंडरची सगळी पानं नसतात. फेब्रुवारी ते एप्रिल आसपासची शेतं आणि जंगलं जळत असतात आणि जगातल्या सर्वांत खराब हवेच्या शहरांत चिआंग माईचं नाव वर झळकतं. त्या तीन महिन्यांत तिथले पेन्शनर धुराला भिऊन समुद्रकाठी येतात. म्हणजे थंडीला भिऊन घर सोडलेला माणूस आता धुराला भिऊन घर सोडतो, आणि एकाऐवजी दोन घरांचं भाडं भरतो.

त्याच चिआंग माईजवळची एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. एका स्विस गृहस्थांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या आईला तिथे नेलं आणि तिला सांभाळता सांभाळता इतरांसाठीही तशी व्यवस्था उभी केली. मोठी संस्था, लांबलचक व्हरांडे, बाहेर कुलूप असं काही नाही. गावातली साधी घरं, एकेका आजारी माणसाला पाळीपाळीनं रात्रंदिवस सोबत करणाऱ्या बायका. त्यांना जर्मन येत नाही आणि आजींना आता जर्मनही नीट आठवत नाही, त्यामुळे हात धरून फिरायला जाण्यात भाषेची अडचण येत नाही. घर या विषयावर एवढं बोलणं झाल्यावर असं वाटतं की या वयात भिंतींपेक्षा हात धरणारं कुणी आहे का, हे आधी बघावं. पण त्याची जाहिरात समुद्राच्या फोटोसारखी देता येत नाही.

आता उरलं भाड्याचं घर. आपल्या रक्तात हा शब्द बसत नाही. ‘शेवटी स्वतःचं छप्पर हवं हो’ हे वाक्य आपण बारशापासून ऐकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भारतीय माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात आणि त्यातून परदेशात घरही घेता येतं, हे कळल्यावर पुण्याच्या आमच्या एका परिचितांनी लगेच कागद-पेन्सिल घेतली. त्यांच्या सौभाग्यवतींनी एकच विचारलं, ‘‘अहो, तिथे धुणं-भांड्याला बाई मिळते का?’’ मिळते, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मग ती मराठी बोलते का?’’ पेन्सिल खाली आली.

भाड्याचा हिशेब सोपा आहे. दोन महिन्यांची अनामत, एका महिन्याचं आगाऊ भाडं, आणि किल्ली हातात. मालकीणबाई हसतमुख, विजेचा दर मात्र सरकारी दराच्या दीडपट-दुप्पट. तेवढं हसण्याचं भाडं समजून द्यावं. छतावर फूटभर लांबीची तोक्के नावाची पाल असते. आपली पाल चुकचुकते, ही खणखणीत आवाजात स्वतःचं नाव घेते, तेही रात्री दोनला. विकत घेतलेल्या घरात असं झालं तर माणूस खचतो. भाड्याच्या घरात तो मालकिणीला फोन करतो. मालकीण म्हणते, पाल घरात असणं शुभ. मग आपण दुसरं घर बघतो. दुसरं घर बघता येणं, हेच या वयातलं खरं वैभव. फ्लॅटच्या मालकाला ते नाही. त्याच्या पश्चात परदेशी वारसाला तो फ्लॅट ठेवण्याची पात्रता नसेल, तर वर्षभरात विकावाही लागतो, म्हणजे त्या दूरच्या सुनेला अखेर विमानात बसावंच लागतं.

तेव्हा जायचं असेल तर खुशाल जा, पण भाड्यानं राहा. घर बघायला डिसेंबरात जाऊ नका, त्या महिन्यात सगळाच देश गोड असतो. एप्रिलच्या उन्हात जा किंवा ऑक्टोबरच्या पावसात जा. समुद्र किती लांब ते दलाल सांगेल, इस्पितळ किती लांब ते स्वतः चालून बघा. तळमजला किंवा फार तर तिसरा. बाल्कनीत एसीचं धूड नसलेली आणि दोघांना रुसायला दोन वेगळ्या जागा असलेली खोली मिळाली, तर भाड्यात घासाघीस करू नका. अनामत परत मिळेल असं मात्र धरून चालू नका. मिळाली, तर मालकिणीचा पत्ता मला जरूर कळवा.